आधी इंजिन, मग रिमॅप

२ लाख किमी चाललेल्या डिझेल स्विफ्ट १.३ डीडीआयएसला आधी रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून मग इंजिनचं काम बघू म्हणताय? क्रम उलटा करा. आणि इंजिन उघडण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (दाब) व लीक-डाउन (हवेची गळती) मोजून लिहून ठेवा. दोष रिंगचा की व्हॉल्व्हचा, हे तिथेच कळतं. नाहीतर गरज नसताना ब्लॉक बोअर होतो, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे केले जातात.

उघडल्यावर:
- बोअरची (सिलिंडरच्या आतल्या भिंतीची) झीज डायल गेजनेच मोजा, नखाने चाचपून नाही. ओव्हरसाइज (मोठ्या मापाचे) पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका.
- हेड बोल्ट नवेच घ्या. ठरलेला टॉर्क (पिळाचा जोर) देऊन पुढे ठरावीक अंश फिरवून आवळलेले जुने बोल्ट ताणलेले असतात.
- टायमिंग चेन, टेन्शनर, गाइड एकत्र बदला. 'चेनला काही होत नाही' हे या इंजिनाबाबत खरं नाही, ती ताणते.

सगळ्यात जास्त घात होतो तो टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागाच्या) ऑइल पाइपमुळे. आत कार्बन साचून तो अरुंद होतो आणि तेलाअभावी नवा टर्बोही जातो. पाइप नवा घाला, संपमधला (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातला) स्ट्रेनर, म्हणजे जाळी, धुवा. जोड सील करायचं सिलिकॉन सढळ हाताने लावू नका. सुटलेले तुकडे याच स्ट्रेनरमध्ये अडकतात. इंटरकूलरमधलं (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागातलं) तेलही काढा. डिझेल इंजिन ते ओढून बेलगाम रेस होऊ शकतं.

पहिल्या स्टार्टआधी इंधन बंद ठेवून, थांबत थांबत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत क्रँक करा. ५०० किमीला तेल-फिल्टर बदला. रिमॅप १,५०० किमीनंतर, तोही क्लच तपासून: झिजलेली प्लेट मूळच्या १९० न्यूटन-मीटरवर कशीबशी टिकते, वाढीव टॉर्कला घसरते.