ऑलिव्हिया कोलमन टीव्हीवरून सिनेमात आली की उलट?

ही ब्रिटिश अभिनेत्री टीव्हीवरूनच आली, आणि तेही कॉमेडीतून. ब्रिस्टल ओल्ड व्हिक या नाट्यशाळेत ट्रेनिंग झालं, सुरुवातीच्या काळात तिने लोकांच्या घरी साफसफाईची कामंही केली, मग २००३ ला चॅनल फोरवर 'पीप शो' आला आणि बरीच वर्षं लोक तिला त्यातली सोफी म्हणूनच ओळखायचे. खरा टर्न माझ्या मते २०११ चा 'टायरॅनोसॉर' हा सिनेमा, नवऱ्याचा मार खाणारी बाई तिने अशी केलीये की बघवत नाही, तो आधी बघाच. मग २०१३ ला 'ब्रॉडचर्च' मालिकेतली पोलीस एली मिलर, त्यासाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. 'द नाइट मॅनेजर' मालिकेच्या वेळी ती खरंच प्रेग्नंट होती, तर मूळ कादंबरीत पुरुष असलेलं 'बर' नावाचं पात्र बाई केलेलं आणि तेही गरोदर दाखवलं, मला हे फार आवडलं. २०१९ ला 'द फेव्हरिट'साठी ऑस्कर, त्यात राणी ॲन, आणि त्याच वर्षी 'द क्राउन' मालिकेत राणी एलिझाबेथ, त्याला २०२१ मध्ये एमी हा टीव्हीचा पुरस्कार. ऑस्कर मिळाल्यावरही टीव्ही सोडला नाही तिने, याचं मला खूप कौतुक वाटतं.