सुमोचा बँड गेला कुठे?

प्रश्न : आमच्या प्रथिनावर सुमो (इतर प्रथिनांना जोडलं जाणारं एक छोटं प्रथिन) जोडला जात असावा, असं सॉफ्टवेअर सांगतं. पण वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखण्याची चाचणी) मूळ ६० किलोडाल्टन वजनाचाच बँड येतो. पेशी बर्फावर, डीटीटी (गंधकाचे बंध सोडवणारं रसायन) आणि प्रोटिएज इनहिबिटरचं, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना रोखणाऱ्या औषधांचं, नेहमीचं कॉकटेल घातलेल्या बफरमध्ये फोडतो. चूक कुठे होते?
– एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : बहुधा पेशी फोडतानाच. सुमो उतरवणारी सेन्प विकरं सिस्टिईन प्रोटिएज आहेत, म्हणजे सिस्टिईन या अमिनो आम्लाच्या गंधकानं जोड तोडतात. पेशीचं आवरण फाटलं की त्यांना मोकळं रान मिळतं आणि बर्फावरही ती जोड तोडत राहतात. नेहमीचं कॉकटेल त्यांना रोखत नाही. त्यासाठी तो गंधक अडवणारं एन-इथाइलमॅलेइमाइड, म्हणजे एनईएम, हवं.

१२५ मिलिग्रॅम एनईएम १ मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवा; हा साधारण १ मोलर साठा झाला. त्यातलं २० मायक्रोलिटर दर मिलिलिटर बफरला घातलं की २० मिलिमोलर होतं. पेशी धुण्याच्या पीबीएस या खारट बफरमध्येही घाला. पाण्यात ते टिकत नाही, म्हणून ऐनवेळीच मिसळा. विषारी आहे, हातमोजे घालून फ्यूम हूडमध्येच तोला. आणि डीटीटी काढून टाका! त्याचा एक रेणू एनईएमचे दोन रेणू खाऊन टाकतो. डीटीटीची जागा नंतर, जेलवर चढवण्याआधीच्या सॅम्पल बफरमध्ये.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पेशी थेट १ टक्का एसडीएस या तीव्र डिटर्जंटमध्ये ९५ अंशांवर १० मिनिटं उकळणं. विकरंच निकामी होतात. डीएनएमुळे मिश्रण चिकट होईल. ध्वनिलहरींनी फोडा (सोनिकेट करा) किंवा बारीक सुईतून आठ-दहा वेळा ओढा. पुढे इम्युनोप्रेसिपिटेशन (अँटिबॉडीनं प्रथिन वेगळं ओढून काढणं) करायचं असेल, तर ट्रायटन हा सौम्य डिटर्जंट असलेल्या बफरनं दहापट पातळ करा, नाहीतर अँटिबॉडी धरणार नाही.

आता बँड शोधायचा कुठे? सुमो ११ किलोडाल्टनचा असला, तरी जेलवर १५ ते २० ची भर घालतो. म्हणजे ७५ ते ८० च्या आसपास बघा. बऱ्याच प्रथिनांचा जेमतेम ५ टक्के किंवा त्याहून कमी हिस्सा एका वेळी सुमोधारी असतो. नुसत्या लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रावात) काही दिसलं नाही, तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

कंट्रोल म्हणून रॅनगॅप१ या प्रथिनाचा सुमो जोडलेला ९० किलोडाल्टनचा बँड बघतात. तो दिसला, तर सुमो-१ (सुमोचा एक प्रकार) ची अँटिबॉडी चालते एवढंच कळतं. रॅनबीपी२ या दुसऱ्या प्रथिनाच्या संकुलात तो जोड सेन्पपासून सुरक्षित असतो, त्यामुळे एनईएम नसतानाही टिकतो. एनईएमनं काम केलं का, हे सुमो-२/३ या इतर प्रकारांच्या अँटिबॉडीनं १०० किलोडाल्टनच्या वर दिसणाऱ्या गडद पट्ट्यावरून ठरवा.

बँड मिळाला, तर सुमो ज्या लायसिन या अमिनो आम्लावर बसतो, त्याच्या जागी आर्जिनिन घालून बँड जातो का बघा. पण त्याच लायसिनवर युबिक्विटिन (प्रथिनाला नाशाची खूण लावणारं छोटं प्रथिन) किंवा ॲसिटिल गटही बसू शकतो. म्हणून लायसिननंतरच्या दुसऱ्या जागेवरच्या, सुमो जोडायला लागणाऱ्या ग्लुटामेटचं ॲलनिन केलेलं रूपही करा. यात लायसिन शाबूत राहतो. दोन्हींत बँड गेला, तरच त्या जागेवर विश्वास ठेवावा.

प्रश्न : युबिक्विटिनसारखा सुमोही प्रथिनाला नाशाकडे नेतो का?

उत्तर : सहसा नाही. तो प्रथिनाचे जोडीदार किंवा मुक्काम बदलतो. ठळक अपवाद पीएमएल या प्रथिनाचा. आर्सेनिक ट्रायऑक्साइड दिल्यावर पीएमएलवर सुमोच्या साखळ्या चढतात, त्या ओळखून आरएनएफ४ हे विकर युबिक्विटिन लावतं आणि मग प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, ते प्रथिन मोडतं. एका प्रकारच्या रक्तकर्करोगात, ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात, पीएमएल-रारा हे जोडप्रथिन याच वाटेनं नष्ट होतं.