वेळ लिहिलीस का?

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले. अरबी समुद्रातले ते कमी दाबाचे क्षेत्र आपल्याकडे न येता ओमानच्या दिशेने वळले तेव्हा घरच्यांनी देवापुढे नारळ ठेवला, तुझा मात्र आतून हिरमोड झाला, आणि वडिलांची होडी सुखरूप बंदरात लागलेली दिसत असताना आपल्याला असे वाटावे याची तुला इतकी लाज वाटली की चार दिवस तू हवेचा दाब मोजणाऱ्या बॅरोमीटरकडे फिरकलीच नाहीस, असे तू लिहितेस. हिरमोडाचे मला काहीच वाटले नाही. वादळांचा नाद लागलेल्या प्रत्येकाला तो होतो, मला साठी उलटल्यावरही होतो. पण वहीतली चार दिवसांची पाने कोरी राहिली, हे वाचून मात्र मी रागावलो.

तू कळवलेल्या आकड्याविषयीही माझी तक्रार आहे. ‘दाब तीनने उतरला’ म्हणतेस, कधीपासून कधीपर्यंत? सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात उतरला असेल, तर तो निरभ्र दिवशीही उतरतो. आपल्या पट्ट्यात हवेलाही भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला, आणि दोहोंत दोन-तीन मिलिबारचा फरक सहज पडतो. म्हणून आजचा आकडा कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी ताडायचा असतो, आणि त्यासाठी काल वेळ लिहिलेली असावी लागते. वेळ नसलेला आकडा मला यापुढे पाठवू नकोस. मोबाइलवरचा आलेखही पाठवू नकोस. तो गणिताने काढलेला असतो, त्याला तुझे अंगण ठाऊक नाही.

हे मी इतक्या चढ्या आवाजात का सांगतो, त्याला कारण आहे. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ चक्रीवादळ आले, त्याच्या आदल्या रात्री झोपण्यापूर्वी मी बॅरोमीटरच्या काचेवर टिचकी मारली आणि काटा खाली आहे असे मला वाटले. नुसते वाटले. काल याच वेळी तो कुठे होता, हे मी पाहिले होते पण लिहिले नव्हते. बंदरावर जाऊन सांगावे असे मनात आले. पण ‘मास्तर, किती उतरला?’ असे होडी हाकणाऱ्या एखाद्या तांडेलाने विचारले असते तर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि हसे होईल या भीतीने मी पांघरूण ओढून झोपलो. ११ नोव्हेंबरला ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये जमिनीवर चढले, आणि कोकणातले कितीतरी खलाशी घरी परतले नाहीत. मी सांगितले असते तरी काही उपयोग नव्हता, हे मला कळते. नौका आधीच खोल समुद्रात होत्या आणि त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचवण्याची सोय नव्हती. गेली इतकी वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो आहे, आणि ते खरेही आहे. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानातून दोनशे पानी वही आणली.

त्या वहीचा उपयोग ३ जून २०२० ला झाला. ‘निसर्ग’ चक्रीवादळ येणार हे हवामान विभागाने आधीच सांगितले होते, त्यात माझी काही हुशारी नव्हती. पण त्या सकाळी दहा वाजता, ज्या वेळी काटा रोज वर असतो त्या वेळी, तो आदल्या दिवशीपेक्षा सहा मिलिबारने खाली होता आणि अजून उतरत होता, ही ओळ माझ्या हातची आहे. वारा आग्नेयेकडून होता. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की आपल्या गोलार्धात वादळाचे केंद्र डाव्या हाताला येते, हा बाईज बॅलट या डच शास्त्रज्ञाचा १८५७ मधला नियम तुला ठाऊक आहे. डावा हात नैऋत्येकडे होता. साडेबाराला वारा सरळ दक्षिणेकडून येऊ लागला, म्हणजे केंद्र आमच्या पश्चिमेला येऊन वर सरकत होते आणि आता वारा पश्चिमेकडे फिरणार होता. घरचे सगळे सकाळपासून आडोसा म्हणून पश्चिमेच्या पडवीत बसले होते. मी त्यांना उठवून माजघरात नेले. अर्ध्या तासाने पडवीची कौले पत्त्यांसारखी उडाली, वासे उघडे पडले आणि मागच्या वाडीतल्या पोफळी एकीमागून एक काडकन मोडताना ऐकू येऊ लागल्या. थोरला भाऊ अजून म्हणतो की वारा फिरलेला त्यालाही कळत होता, वही लागत नव्हती. लागत नसेल. मग तो पडवीत का बसला होता?

(वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण मोठे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तुझ्या वडिलांना सांगायला नको; त्या दिवशी पूर्ण भरती नऊ-साडेनऊला होऊन गेली होती आणि वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला चढले ते दुपारच्या ओहोटीत. चार तास आधी चढते, तर खाडीकाठच्या घरांचे काय झाले असते ते बोलवत नाही.)

संध्याकाळी वारा पडला. खिडकीच्या काचेवरून बोट फिरवून जिभेला लावले तर मिठागरातल्यासारखे खारट लागले, आणि पुढच्या आठवड्यात जी झाडे उभी राहिली होती त्यांचीही समुद्राकडची पाने करपून तपकिरी झाली. वीज आली ती कित्येक आठवड्यांनी. या सगळ्याच्या वेळा माझ्याकडे आहेत.

दोन मात्र नाहीत. माणसे हलवण्याच्या गडबडीत १२.४० आणि १.१० च्या नोंदी राहिल्या. माणसे हलवली ते योग्यच केले, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन, त्याबद्दल मला कोणापुढेही मान खाली घालायची नाही. पण रात्री कंदिलाच्या उजेडात त्या दोन कोऱ्या ओळी माझ्याने बघवेनात आणि मी त्या आठवून भरल्या. माझ्या आयुष्यातला सर्वांत कमी दाब बहुधा त्याच अर्ध्या तासात होऊन गेला, आणि तो किती होता हे आता कोणालाच कळायचे नाही, कारण तिथे माझा बनावट आकडा सुवाच्य अक्षरात बसला आहे. पुढे दोन वर्षे मी तो लोकांना कौतुकाने दाखवलाही.

तेव्हा तुझी ती चार पाने कोरीच राहू दे. त्यांत आता काही भरलेस तर मला ते चालणार नाही. वादळ वळल्याचे वाईट वाटले, तेही लिही. किती वाजता वाटले, ते समोर घाल. वडिलांची होडी किती वाजता बंदरात लागली, ते त्याच्या खालच्या ओळीत. लाज वाटण्यासारखे त्यात काही आहे का, ते पाच वर्षांनी पान उलटून तूच बघ. आज मला विचारू नकोस, मला ते नीट सांगता येणार नाही. उद्या सकाळी साडेआठला पर्जन्यमापक रिकामे करशील तेव्हापासून पुन्हा सुरू कर. पाऊस नसेल तर शून्य लिही. जागा मोकळी सोडू नकोस.

माझ्या वहीतल्या ३ जूनच्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. त्या दोन ओळींभोवती आता पेन्सिलने कंस घातला आहे. किती वाजता घातला, तेही समासात लिहिले आहे.

तुझा,
काका