स्पिनऑफचा शेअर हातात आला की लगेच विकू नकोस

अरे, वेस्टर्न डिजिटल या अमेरिकन कंपनीचे शेअर घेतलेस नि तिची मेमरी चिप्सची शाखा सॅनडिस्क वेगळी झाली, मग खात्यात भाव अचानक पडलेला दिसला म्हणून घाबरलास ना, तो पडला नाही रे, एका कंपनीच्या दोन झाल्या, यालाच स्पिनऑफ म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ शेअरमागे सॅनडिस्कचा १ मिळाला, म्हणजे १०० असतील तर ३३, उरलेल्या तुकड्याचे पैसे रोख.

आता मेन गोष्ट. पहिले काही आठवडे मोठे फंड बऱ्याचदा नवा शेअर नुसता विकून टाकतात, कारण तो त्यांच्या इंडेक्समध्ये, म्हणजे ते ज्या ठरलेल्या यादीप्रमाणे शेअर घेतात तिच्यात, बसत नाही, कंपनी वाईट म्हणून नाही. सॅनडिस्क ५० डॉलरच्या आसपास सुरू झाला, एप्रिलमध्ये टॅरिफच्या (आयात कराच्या) गोंधळात ३० च्या खाली गेला आणि वर्षाअखेर २०० च्या वर. प्रत्येक वेळी असं होत नाही हं, इथे मेमरी चिप्सचे भाव चढले म्हणून झालं. म्हणून आधी कर्ज कुठल्या कंपनीच्या गळ्यात टाकलंय ते बघ, मग थोडं थोडं घे, पहिल्या दिवशी मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला घेणं) तर अजिबात टाकू नकोस, लिमिटच लाव, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाच्या वर खरेदी होत नाही. आणि जुनी खरेदी किंमत दोन्ही शेअरमध्ये वाटून आत्ताच लिहून ठेव, टॅक्सच्या वेळी लागेल.