भरावावरच्या नव्या इंजिनिअरला

रस्त्याच्या भरावाचं कॉम्पॅक्शन (माती किती घट्ट दबली ते) 95 टक्के आलं की खूश होण्याआधी विचार, कशाचे 95? बॉरो (माती आणायची खाण) बदलली की मुरूम बदलतो, मग ती माती जास्तीत जास्त किती दबते ते सांगणारी प्रॉक्टर टेस्टही नवीन हवी (आयएस 2720 भाग 8, जड हातोडीची). कॉम्पॅक्शन 104 टक्के आलं तर रोलरवाल्याचं कौतुक करू नकोस. बहुतेक वेळा एमडीडी (प्रॉक्टरमधून आलेली कमाल कोरडी घनता) दुसऱ्याच मातीची असते.

सगळ्यात जास्त घोळ मातीतल्या पाण्यात होतो. रॅपिड मॉइश्चर मीटर, तोच कार्बाइडवाला, ओल्या वजनावर टक्के दाखवतो. आपल्याला कोरड्या वजनावर हवेत. 15 वाचलंस तर 15 भागिले 85, म्हणजे 17.6 धर. ओली घनता 2.10 आणि एमडीडी 1.88 असेल, तर कोरडी घनता काढताना सरळ 15 घातल्यावर (2.10 भागिले 1.15) 97 टक्के येतात, खरे मात्र 95च असतात. भरावात निभावेल, सबग्रेडला (भरावाचा सगळ्यात वरचा थर) 97 लागतात. तिथे कागदावर पास, जमिनीत नापास.

वाळूची टेस्ट (खड्डा खणून त्यात वाळू भरून त्याचं आकारमान मोजायची) चालू असताना शेजारचा रोलर थांबव. कंपनाने वाळू खड्ड्यात दाबून बसते, जास्त मावते आणि घनता उगाच कमी दिसते. ऑपरेटर कुरकुरेल, कुरकुरू दे. कोअर कटर (मातीत ठोकून नमुना काढायचा नळा) बारीक मातीतच चालतो. खडेवाल्या मुरुमात तो ठोकत बसू नकोस.

आणि खड्डा कुठे घ्यायचा ते तू ठरव, ठेकेदाराच्या माणसाने नाही. तो मधोमध बोट दाखवेल. तू कडेला जा. तिथे रोलर जायला घाबरतो. म्हणूनच भराव रुंद टाकून नंतर छाटतात.