वाचकांचे प्रश्न : देवराई, झरा आणि विज्ञानाचा तास

प्रश्न : आमची शाळा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आहे. गावाला देवराई आहे. "राईतली काडी घरी नेली तर देव कोपतो, झरा आटतो," असं आठवीची मुलं सांगतात. विज्ञानाच्या तासाला याचं काय करावं? – एक शिक्षिका

उत्तर : देवाचा कोप मोजता येत नाही, त्यावर वर्गात वाद घालू नका. राखलेल्या जमिनीत पाणी जास्त मुरतं का, हे मात्र मोजता येतं आणि त्याला एक रिकामा डबा पुरतो.

आधी गुरव आणि गावातल्या जाणत्यांना विचारा. राईतून माती, पानं काहीही बाहेर आणू नका. मोजणी जागेवरच होते. काही रायांत बायकांना मज्जाव असतो. तिथे नुसत्या मुलग्यांना आत धाडू नका, सगळ्यांनी मिळून राईच्या कडेला मोजा.

१५ सेंमी व्यासाचा, तेवढाच उंच पत्र्याचा डबा दोन्ही बाजूंनी कापून घ्या. वर फळी ठेवून ५ सेंमी सरळ ठोका. पाचोळा उचलू नका. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरून ८८० मिली, म्हणजे ५ सेंमी उंचीचं पाणी ओता आणि कागद अलगद ओढून घ्या. सगळं जिरायला किती वेळ लागला ते लिहा, लगेच तेवढंच पाणी पुन्हा ओता. तुलना दुसऱ्या वेळेची करा. पहिल्या खेपेला माती किती कोरडी होती यावरच बरंच ठरतं. राई, गुरचरण, पायवाट अशा प्रत्येक ठिकाणी तीन जागा, एकाच दिवशी.

डब्याबाहेरची माती ओली होऊ लागली तर डबा तिरका बसलाय, पाणी कडेने निसटतंय. खाली मूळ किंवा खडक लागला तर जागा बदला, पण वहीत तसं लिहा.

राईत पाणी लवकर जिरलं तर मुलांनाच कारणं शोधू द्या: पाचोळा, गांडुळांची बिळं, कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या, उलट गुरचरणात खुरांखाली दबलेली माती. काडी न नेण्याच्या रीतीमुळे पाचोळा जागेवर राहतो, हा धागा इथे सापडतो.

तरी "झरा राईमुळेच टिकतो" असा निष्कर्ष लिहू देऊ नका. झाडं स्वतःही पाणी ओढतात, शिवाय झरा खडकातल्या भेगांवर अवलंबून असतो. म्हणून दिवाळीपासून दर आठवड्याला झरा मोजा: १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर. वही पुढच्या आठवीकडे द्या. आणि म्हाताऱ्या माणसांना विचारा, १९७२च्या दुष्काळात हा झरा आटला होता का, कुठल्या महिन्यात? ती वहीतली पहिली नोंद.