इलेक्ट्रॉनिक बेडी की झटकापट्टा?

प्रश्न असा आला आहे: तुरुंगांवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'स्टन बेल्ट' (कैद्याला विजेचा झटका देणारा पट्टा) आणि 'अँकल मॉनिटर' (घोट्याला बांधायचं पाळतीचं यंत्र) या दोन्हींना 'इलेक्ट्रॉनिक बेडी' म्हटलं तर चालेल का?

दुसऱ्याला ओढूनताणून चालेल. पहिल्याला अजिबात नाही.

मराठीत बेडी 'ठोकतात'. लोखंडी कडं पायात घालून खिळा ठोकून ते बंद करायचे, तेव्हापासूनचं हे क्रियापद. पुढे कुलूपकिल्ली आली तरी ते सुटलं नाही, आणि बातम्यांत तर 'बेड्या ठोकल्या'चा अर्थ नुसतं 'अटक केली' एवढाच उरलाय. पण बेडीचं काम एकच, हालचाल अडवणं. स्टन बेल्ट तसं काहीच अडवत नाही. तो कैद्याच्या कमरेला कपड्यांच्या आत बांधतात आणि बटण लांब उभ्या असलेल्या पहारेकऱ्याकडे असतं. ते दाबलं की सुमारे ५०,००० व्होल्टचा झटका, तोही ८ सेकंद. माणूस कोसळतो, कधी कपड्यांतच लघवी होते. अमेरिकेत १९९०च्या दशकात हे पट्टे वापरात आले. कोर्टात ज्युरीला ते दिसत नाहीत, ही त्यांची 'सोय'! बेडी निदान खणखणते तरी.

कैद्यांच्या वागणुकीबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या मंडेला नियमांत ४७ वा नियम मुळातच वेदनादायक किंवा मानहानीकारक बंधनसाधनांना मनाई करतो. वेदना हाच ज्याचा गाभा, त्याच्या नावात ती दिसायला हवी. म्हणून मी 'झटकापट्टा' म्हणेन. ('धक्कापट्टा' नको, सामान वाहणारा सरकता पट्टा डोळ्यांसमोर येतो.)

पट्टा हा शब्द मिळमिळीत वाटतो? 'जेरबंद'चंच उदाहरण घ्या. फारसीतून आलेला हा शब्द मुळात घोड्याच्या साजातल्या पट्ट्याचा. घोड्याला मान वर उडवू न देणारा तो पट्टा. आज बिबट्याही जेरबंद होतो आणि दरोडेखोरही.

राहिला अँकल मॉनिटर. शब्दकोश उघडून 'पैंजण' लिहू नका, एवढीच विनंती. तो झटका देत नाही, घोट्याला बसून ठावठिकाणा कळवतो, तेव्हा 'पाळतपट्टा'. 'बेडी'च हवी असेल तर एक अडचण लक्षात घ्या: ही बेडी ज्याच्या पायात असते, त्यानंच ती रोज चार्ज करायची असते.